कातडं कसं कमावलंय? मोटेपासून मोटारीपर्यंत



आजच्या व्याख्यानाचा विषय कळला तेव्हा आमच्या ओळखीचे काही जण हसले. मोटारीच्या कातडी सीटची निगा हा इतिहासाचा विषय कधीपासून झाला, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात आमच्याच घरातल्या एका चुकीपासून करू.

आमच्याकडे एक जुनी गाडी होती, खऱ्या कातडी सीटची. उन्हात उभी राहून राहून सीट कोरड्या दिसायला लागल्या, शिवणीपाशी बारीक भेगा पडल्या. घरातली वडीलधारी मंडळी म्हणाली, कातडं तहानलंय, त्याला तेल पाजा. त्यांनी लहानपणी मोटेला तेल पाजताना पाहिलं होतं, कोल्हापुरी चपला तेलात भिजवून ठेवल्या होत्या. त्यांचा सल्ला अनुभवाचा होता. आम्ही खोबरेल तेल आणलं आणि दोन रविवार सीटला चोळलं. पहिले चार दिवस सीट काळीभोर आणि चमकदार दिसली. मग ती चिकट झाली. रस्त्याची धूळ तिच्यावर बसली ती निघेना. पावसाळा आला आणि शिवणींमध्ये पांढरी बुरशी धरली. भेगा होत्या तिथेच राहिल्या.

सल्ला देणारे अनुभवी, तेल चांगलं, हात मायेचा. तरी सीट खराब का झाली? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आपल्याला दीडशे वर्षं मागे जावं लागतं, आणि वाटेत लंडनची ग्रंथालयं नि मद्रासचं एक कलाविद्यालय लागतं.

'कमावणं' म्हणजे काय?

मराठीत एक फार नेमका शब्द आहे. कच्च्या कातड्याचं पक्कं कातडं करणं याला आपण कातडं 'कमावणं' म्हणतो. जनावराचं कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. ते ओलं ठेवलं तर कुजतं आणि वाळवलं तर ढोलाच्या पानासारखं ताठ होतं. कमावण्याने या तंतूंना असं काही जोडलं जातं की ते कुजत नाहीत आणि वाळल्यावर एकमेकांना चिकटतही नाहीत.

आपल्याकडे हे जोडणारं द्रव्य झाडांतून यायचं. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरड्याची फळं. या सगळ्यांत तुरट द्रव्य असतं, ज्याला शास्त्रात टॅनिन म्हणतात. आधी कातडं चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सैल करायचे, खरवडायचं, चुना धुऊन काढायचा. मग कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. पाणी कातड्यातून झिरपत जातं, तसं कातडं आतून पक्कं होतं. शेवटी ते ओलसर असतानाच तेल द्यायचं, म्हणजे पाणी बाहेर पडतं तसं तेल आत जातं.

हे काम महाराष्ट्रात कोण करत होतं? ज्यांना जुन्या कागदांत ढोर म्हटलं आहे तो कक्कय्या समाज, आणि कमावलेल्या कातड्याच्या वस्तू करणारा चर्मकार समाज. कुठली साल किती दिवस, कुठल्या ऋतूत पाणी किती वेळा बदलायचं, हे रसायनशास्त्र त्यांच्या हातात होतं. गावाने त्या हातांना विटाळ म्हटलं आणि त्याच हातांनी केलेल्या मोटेचं पाणी पिकाला घातलं. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू, कारण व्याख्यानाच्या शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

मोटेला तेल का लागायचं?

ज्यांनी मोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विहिरीच्या काठापासून उतरती 'धाव' असायची. बैल धावेवरून खाली चालत गेले की नाडा ओढला जायचा आणि कातड्याची भरलेली मोट वर यायची. मग तिच्या सोंडेतून पाणी थारोळ्यात पडायचं. दिवसभर हेच. म्हणजे हे कातडं सतत भिजायचं, दगडाला घासायचं, आणि हंगाम संपला की वाळायचं.

आता बघा, झाडाच्या सालीने कमावलेल्या कातड्याची अडचण काय? पाण्यात राहून त्यातलं टॅनिन आणि तेल हळूहळू धुऊन जातं. मग वाळल्यावर ते कडक होतं, घडीवर फुटतं. म्हणून मोटेला पुन्हा पुन्हा तेल द्यावं लागायचं, आणि मोटेची दुरुस्ती हा बलुत्याच्या कामाचाच भाग होता. मोटेच्या कातड्याला उघडी छिद्रं होती. वर रंगाचा थर नव्हता. तेल लावलं की ते खरोखर आत जायचं. आमच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला इथून आला होता, आणि त्या कातड्यासाठी तो अगदी बरोबर होता.

लंडनच्या ग्रंथालयात काय घडलं?

आता आपण पाण्यातून उठून कोरड्या जागी जाऊ. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ग्रंथपालांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. चारशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांच्या कातडी बांधण्या शाबूत होत्या, आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या बांधण्यांचा भुगा होत होता. कपाटातून पुस्तक काढलं की हाताला तांबडी भुकटी लागायची. या रोगाला पुढे 'लाल कुज' अशा अर्थाचं नाव पडलं.

पहिला संशय गेला गॅसच्या दिव्यांवर. १८४० च्या दशकात मायकल फॅरडे यांनी लंडनच्या अथेनियम क्लबच्या ग्रंथालयाच्या संदर्भात या प्रश्नाकडे लक्ष दिलं होतं. दगडी कोळशाच्या गॅसमध्ये गंधकाचा अंश असतो. तो जळला की त्यापासून आम्ल तयार होतं आणि कातडं ते शोषून घेतं. पण गॅस नसलेल्या ठिकाणीही बांधण्या कुजत होत्या.

शेवटी १९०० मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने एक समिती नेमली. व्हायकाउंट कोबम तिचे अध्यक्ष होते. समितीत पुस्तकबांधणी करणारे, ग्रंथपाल आणि कातडं कमावण्याचं रसायनशास्त्र शिकवणारे असे सगळे एकत्र बसले. १९०१ मध्ये पहिला अहवाल आला, आणि १९०५ मध्ये सगळं काम ग्रंथरूपाने छापलं गेलं. निष्कर्ष साधारण असे होते. पहिला, १८३० च्या सुमारापासून बांधणीच्या कातड्याचा कस घसरू लागला आणि १८६० नंतर तो फारच घसरला. दुसरा, रंग उजळ आणि एकसारखा चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात गंधकाम्ल घालायची पद्धत पडली, आणि ते आम्ल कातड्यातच राहून त्याला आतून खात होतं. तिसरा, ऊन, उष्णता आणि गॅसचा धूर यांनी भर घातली. आणि चौथा निष्कर्ष आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा: कातडं कुठल्या झाडाच्या टॅनिनने कमावलं आहे, यावर त्याचं आयुष्य ठरतं.

टॅनिनची दोन कुळं आहेत. त्या काळच्या भाषेत एक कॅटेकॉलचं आणि दुसरं पायरोगॅलॉलचं. पहिल्या कुळातल्या टॅनिनने कमावलेलं कातडं हवेतलं आम्ल चटकन धरून ठेवतं, उजेडात तांबूस होतं आणि भुगा होऊन जातं. दुसऱ्या कुळातलं त्यामानाने पुष्कळ टिकतं. पहिल्या कुळातल्या वाईट उदाहरणांमध्ये समितीने हिंदुस्थानातून येणाऱ्या शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांचं नाव घेतलं. ती मद्रास इलाख्यात ज्या सालीने कमावली जात, तिला इंग्रज व्यापारी 'टरवार' म्हणत. टरवार म्हणजे आपला तरवड. माळरानावर पिवळ्या फुलांचा, गुरं सहसा ज्याला तोंड लावत नाहीत, तोच. आणि दुसऱ्या, टिकाऊ कुळात कोण होतं? सुमाक, ओकच्या गाठी आणि मायरोबलान. मायरोबलान म्हणजे आपला हिरडा! सह्याद्रीत, जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात महादेव कोळी लोक जो गोळा करतात आणि जो मुंबई बंदरातून विलायतेला जायचा, तो हिरडा.

म्हणजे लंडनच्या कपाटातल्या पुस्तकाचं आयुष्य काही अंशी आपल्या माळावरच्या आणि डोंगरातल्या दोन झाडांवर ठरत होतं.

इथे एक अन्याय होऊ द्यायचा नाही. 'हिंदुस्थानी कातडं वाईट' असा सोपा अर्थ यातून काढता येतो, आणि तो काढला गेलाही. पण तरवडाचं कातडं ज्या कामासाठी केलं जायचं ते काम पायतळाचं, पखालीचं, जिनाचं होतं. पाच-दहा वर्षं झिजायचं आणि बदलायचं. दोनशे वर्षं कपाटात उभं राहण्यासाठी ते कोणी केलंच नव्हतं. स्वस्त आहे म्हणून ते विकत घेऊन, त्यातलं टॅनिन धुऊन काढून, आम्लाच्या रंगात बुडवून त्याची पुस्तकं बांधली ती विलायतेतल्या व्यापाराने. 'टिकाऊ' हा शब्द एकटा उभा राहत नाही. कशासाठी टिकाऊ, हे आधी विचारावं लागतं.

तेलाची दुसरी गोष्ट

मग ग्रंथपालांनी काय केलं? आम्ही जे केलं तेच. ब्रिटिश म्युझियममध्ये एक मलम तयार झालं. मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिन, मधमाश्यांचं मेण, देवदारी वासाचं सीडरचं तेल, आणि हे सगळं पातळ करायला उडून जाणारा द्राव. तिथल्या प्रयोगशाळेतल्या हॅरॉल्ड प्लेंडरलीथ यांनी १९४६ मध्ये कातडी बांधण्यांच्या जतनावर पुस्तिका लिहिली, आणि हे मलम जगभर गेलं. पुढची कित्येक दशकं ग्रंथालयांतले कर्मचारी पुस्तकांना ते इमानेइतबारे चोळत होते.

हळूहळू जतन करणाऱ्यांच्याच लक्षात आलं की मलमाने लाल कुज थांबत नाही. ती आम्लामुळे झालेली रासायनिक मोडतोड आहे, आणि तेल तुटलेले तंतू सांधत नाही. उलट जास्त मलम लावलेल्या बांधण्या काळ्या पडल्या, चिकट झाल्या, धूळ धरू लागल्या, काहींवर मेदाचा पांढरा थर फुटून आला. विसावं शतक संपेपर्यंत बऱ्याच मोठ्या ग्रंथालयांनी सरसकट तेल चोळणं बंद केलं. त्यांनी भर दिला तो साध्या गोष्टींवर. ऊन नको, उष्णता नको, फार दमट नको आणि फार कोरडंही नको, धूळ झटका, पुस्तक नीट हाताळा.

आमच्या खोबरेलाची गोष्ट म्हणजे याच चुकीची घरगुती आवृत्ती होती. कातडं थकलेलं दिसलं की माणसाचा हात तेलाकडे जातो. त्यात माया आहे, पण निदान नाही.

क्रोम, आणि पुन्हा मोट

याच काळात कातडं कमावण्याची पद्धतच बदलली. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं. १८९३ मध्ये मार्टिन डेनिस यांनी एकाच द्रावात काम होईल अशी सोपी रीत आणली. सालीने जिथे आठवडे नि महिने लागायचे, तिथे आता दिवस पुरू लागले. क्रोमचं कातडं निळसर, हलकं आणि लवचिक असतं. उकळत्या पाण्यात टाकलं तरी चांगलं क्रोम कातडं आकसत नाही. सालीच्या कातड्याची त्याआधीच गुंडाळी होते. आणि मुख्य म्हणजे क्रोम पाण्याने धुऊन जात नाही.

हिंदुस्थानात हे तंत्र रुजवायचा मोठा प्रयत्न मद्रासला झाला. आल्फ्रेड चॅटर्टन नावाचे अभियंते तिथल्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये काम पाहत. १९०३ च्या सुमारास त्यांनी क्रोमचे प्रयोग सुरू केले. आणि पहिली वस्तू कुठली निवडली? बूट नाही, पिशवी नाही. विहिरीवरची मोट! तमिळ मुलखात तिला कवलै म्हणतात. सतत भिजणाऱ्या कातड्याला पाण्याने न धुपणारं क्रोम हवं, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. गंमत अशी की हेच चॅटर्टन विहिरींवर तेलाची इंजिनं आणि पंप बसवावेत म्हणूनही धडपडत होते. म्हणजे एका हाताने ते मोट सुधारत होते आणि दुसऱ्या हाताने तिची सुट्टी करत होते. पुढे आपल्याकडेही इंजिन आलं, मग विजेचा पंप आला, आणि मोट थांबली. तिच्याबरोबर मोटेला तेल देणारे हात थांबले, पण 'कातड्याला तेल पाजावं' हा सल्ला मात्र घराघरांत शिल्लक राहिला.

सीट

मोटारीला सीट मिळाली ती घोडागाडीकडून. सुरुवातीच्या आलिशान मोटारींमध्ये एक उलटी गोष्ट दिसते. पुढे, उघड्यावर बसणाऱ्या ड्रायव्हरला कातडी सीट असायची आणि मागे, बंद भागात बसणाऱ्या मालकाला उंची कापडाची. कातडं ऊन-पाऊस सोसतं, पुसता येतं, म्हणून ते कामाच्या जागेला. कातडं म्हणजे ऐट हे समीकरण नंतर पक्कं झालं. लंडनच्या कॉनोली कंपनीने, जी १८७८ मध्ये सुरू झाली, रोल्स-रॉइससारख्या गाड्यांना कातडं पुरवलं, आणि कातडी सीट मालकाची झाली.

पण तोवर कातड्याच्या वरचा भागही बदलला होता. त्यावर आधी सेल्युलोजच्या लाखेचे थर आले, पुढे ॲक्रिलिक आणि पॉलियुरेथेनचे. आज बहुतेक गाड्यांत जी कातडी सीट असते, तिचं कातडं क्रोमने किंवा क्रोमविरहित आधुनिक रसायनांनी कमावलेलं असतं, आणि त्यावर रंगाचा थर व त्यावर पारदर्शक संरक्षक थर असतो. तुमचा हात कातड्याला लागतच नाही. तो त्या थराला लागतो.

आता आमच्या सीटचं काय झालं ते स्पष्ट होतं. तेल थरावर पसरून बसलं. जिथे थर फुटला होता, तिथून आणि शिवणींतून थोडं आत गेलं आणि बुरशीला खाऊ झालं. भेगा कातड्याच्या तहानेच्या नव्हत्याच. त्या वरच्या थराच्या होत्या.

म्हणून आजच्या सीटची निगा म्हणजे तो थर जपणं. तो झिजतो कशाने? पहिली धूळ. वाळूचे बारीक कण आपण बसताना-उठताना पॉलिशपेपरचं काम करतात, म्हणून आधी मऊ ब्रशने झटकायचं किंवा व्हॅक्यूमने धूळ ओढून घ्यायची, मगच पुसायचं. दुसरं म्हणजे घाम, डोक्याचं तेल, उन्हासाठी लावलेलं क्रीम. स्टिअरिंग आणि ड्रायव्हरची कड आधी खराब होते ती यामुळे. महिना-दोन महिन्यांतून सौम्य, कातड्यासाठीच्या साबणाच्या पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. धुण्याचा साबण, सोडा, अमोनिया असलेली काचेची औषधं नकोत. कातडं स्वभावाने थोडं आम्लधर्मी असतं, आणि क्षाराने थर व कातडं दोन्ही बिघडतात. तिसरं ऊन. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद गाडी भट्टी होते. सावली, नाहीतर काचेवर पडदा, हे कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त कामाचं. चौथा दमटपणा. कोकण-मुंबईच्या पावसात ओल्या कपड्यांनी बसलात तर नंतर फडक्याने टिपा, आणि गाडी महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. पाचवं, नव्या जीन्सचा निळा रंग. फिक्या सीटवर तो उतरतो, दिसल्याबरोबर पुसला तर जातो, जुना झाला की बसतो.

आणि तुमची सीट कुठल्या जातीची आहे हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर वर थर आहे, तेल लावू नका. थेंब मुरला आणि डाग गडद झाला तर कातडं उघडं आहे. त्याला त्याच्यासाठीच केलेलं मलम, तेही अगदी थोडं, चालतं. घरी कोल्हापुरी चपला असतील तर त्यांच्यावरही थेंब टाकून बघा. तिथे तो मुरेल. बाभूळ आणि हिरड्याने कमावलेलं ते कातडं अजून मोटेच्या कुळातलं आहे, आणि त्याला आजोबांचं तेल अजून लागू पडतं.

शेवटी

मोटेपासून मोटारीपर्यंतच्या या प्रवासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. वस्तू खराब झाली की आपण विचारतो, आता काय लावू? समितीने विचारलेला प्रश्न वेगळा होता: हे केलं कसं होतं? कातड्याचं बरचसं आयुष्य ते आपल्या घरी येण्याआधीच ठरलेलं असतं, कमावणाऱ्याच्या हौदात. आपण निगेने ते वाढवू शकत नाही, फार तर वाया घालवायचं टाळू शकतो.

आणि त्या हौदापाशी उभा असलेला माणूस? कक्कय्या समाजातल्या कारागिराला त्याची साल, त्याचं पाणी, त्याचं कातडं माहीत होतं, म्हणून त्याचा सल्ला अचूक होता. आपण त्याला दूर ठेवलं, त्याचं ज्ञान लिहून घेतलं नाही, फक्त त्यातला 'तेल लावा' एवढा तुकडा उचलला आणि भलत्याच कातड्याला लावला. लंडनच्या समितीकडे कमावणारा आणि बांधणारा एका टेबलावर बसला, तेव्हा कुठे कोडं सुटलं. आपल्याकडे तसं टेबल मांडायला अजून उशीर झालेला नाही. कोल्हापूरपासून धारावीपर्यंत हे काम जाणणारी माणसं आजही आहेत. पुढच्या वेळी चपला दुरुस्त करून घेताना दोन मिनिटं थांबा आणि विचारा, हे कातडं कसं कमावलंय?

उत्तर देणारा माणूस खुलून बोलेल, असा आमचा अनुभव आहे.